शब्दन् शब्द कळणारा वक्ता

"हे असं चालणार नाही," वाचनालयाचे कार्यवाह म्हणाले आणि सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्यांकडे त्यांनी असा हात केला, की जणू ग्रंथपालांनीच त्या घरून आणून मांडल्या होत्या. "तुमच्या विज्ञान मंडळाला माणसं येत नाहीत. येतात ती पंख्याखाली बसायला येतात."

"आजचा विषय जरा जड होता," ग्रंथपाल म्हणाले.

"विषयाचं सोडा हो. तुम्ही भिंतीवर व्हिडिओ लावता. व्हिडिओ लोक घरी लोळत बघतात, त्यासाठी चांगले कपडे घालून इथवर कशाला येतील? पुढच्या महिन्यात खराखुरा माणूस आणा. हाडामांसाचा. नाही जमलं, तर व्यायामवाल्या बाई केव्हापासून हे सभागृह मागतायत. त्यांच्याकडे निदान माणसं हलतात तरी."

विज्ञान मंडळ ही ग्रंथपालांची एकट्याची निर्मिती होती. दिवसभर लोकांना शिक्के मारून पुस्तकं द्यायची आणि "शांतता राखा" म्हणायचं, यात माणसाचं काही राहत नाही. महिन्यातून एकदा याच सभागृहात उभं राहून "मित्रहो" म्हणायला मिळायचं, तेवढ्यासाठी ते उरलेले दिवस ढकलत. तिथे आता लोक तालावर हातपाय झाडणार, या कल्पनेनेच त्यांना जेवण गेलं नाही.

चांगला वक्ता शोधायचा, तर आधी त्याचं भाषण ऐकायला हवं, म्हणून ते इंटरनेटवर शोधायला बसले. त्यांच्या फोनचा पडदा तडकला होता. म्हणून लेकीचा टॅब मागून घेतला. लेक इंजिनिअरिंगला होती आणि परीक्षा संपल्यामुळे तिने तो बापाला उदार मनाने दिला.

इंटरनेटवर विज्ञानाची भाषणं शोधणं सोपं असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती कधी शोधलेली नसतात. 'विश्वाचं अंतिम रहस्य' उघडावं तर ते पाण्याच्या फिल्टरपाशी येऊन संपे. 'यंत्रमानव आणि आपण' यात यंत्रमानव शेवटपर्यंत आलाच नाही. एका गृहस्थांनी तर पहिल्याच मिनिटाला तंत्रज्ञान सोडलं आणि स्वतःचं बालपण धरलं. त्यातून जी चार भाषणं खरोखर कामाची वाटली, त्यांची गंमत वेगळीच होती. काही म्हणजे काही कळत नव्हतं. बोलणारे इतक्या घाईने बोलत, की कोणी त्यांच्या मागे लागलंय की काय असं वाटे. हातवारे झपाझप, टाळ्या कडकड कडकड, पाण्याचा घोट तर डोळ्याची पापणी लवायच्या आत.

"काय ही आजकालची शास्त्रज्ञ मंडळी!" ग्रंथपाल बायकोला म्हणाले. "जरा म्हणून दम नाही."

"तुम्ही दुसऱ्यांना दम नाही म्हणताय?" बायकोने विचारलं. याला कारण होतं. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडून पुरं करायची ग्रंथपालांना सवय होती, आणि ते नेहमी चुकीचंच पुरं करत. बायकोने "आज भाजीला..." म्हटलं की ते पिशवी घेऊन निघत. तिला म्हणायचं असे की आज भाजीला मीठ जास्त झालंय.

आठवडाभर ऐकून कान किटले आणि एका संध्याकाळी त्यांना हिरा सापडला. निवृत्त प्राध्यापक होते. विषय होता साबणाचा फुगा. आणि काय ती वाणी! शब्दन् शब्द सुटा, स्वच्छ, ना घाई ना रेंगाळणं, आगगाडी रुळावरून जावी तसं भाषण. ग्रंथपालांनी ते दोनदा ऐकलं. मग बायकोला बसवून तिसऱ्यांदा ऐकवलं.

"हाच एक माणूस बोलायला शिकलाय," ते म्हणाले. "बाकीचे सगळे नुसते बडबडतात."

त्यांनी लगेच निमंत्रण लिहून पाठवलं आणि प्राध्यापकांचं उत्तरही लगेच आलं, 'आनंदाने येईन'. आदल्या दिवशी खात्री करायला ग्रंथपालांनी वाचनालयातून फोन लावला.

"नमस्कार, मी ग्रंथपाल बोलतोय."

"न..." मग बराच वेळ काहीच नाही. "...म..."

"हॅलो? हॅलो! आवाज तुटतोय तुमचा!"

"...स्का..."

"नेटवर्क नाहीये सर! ठेवतो. मी मेसेज करतो!" ग्रंथपालांनी फोन ठेवला आणि टेलिफोन कंपनीला दोन शिव्या घातल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं. ग्रंथपालांनी महिनाभर पुस्तक नेणाऱ्या प्रत्येकाला अशी काही गळ घातली होती, की न येण्यापेक्षा येणं सोपं होतं. पहिल्या रांगेत कार्यवाह हाताची घडी घालून बसले होते. त्यांच्या शेजारी गणिताच्या निवृत्त बाई होत्या आणि पलीकडे रोज सकाळी सगळ्यांच्या आधी वर्तमानपत्र पळवणारे आजोबा. व्यायामवाल्या बाईही आल्या होत्या, पण त्या पावलांनी सभागृहाची लांबी मोजत होत्या.

प्राध्यापक टॅक्सीतून ऐनवेळी पोचले. त्यांनी टेबलावर साबणाच्या पाण्याचं भांडं ठेवलं आणि तारेची कडी शांतपणे पुसली. ग्रंथपालांनी "मित्रहो" म्हणून लांबलचक ओळख करून दिली, तीत "ओघवती वाणी" हे शब्द चार ठिकाणी घातले आणि ते दाराजवळ उभ्या असलेल्या लेकीशेजारी जाऊन उभे राहिले.

प्राध्यापकांनी माइक हातात घेतला.

"मि..." ते म्हणाले. सगळे ऐकू लागले. "...त्र..."

कुठेतरी खुर्ची करकरली.

"...हो."

ग्रंथपालांनी माइककडे बघितलं, वायरकडे बघितलं. वायर ठीक होती.

"यांना बरं नाही का?" त्यांनी लेकीला कुजबुजत विचारलं. "व्हिडिओत तर कसे खणखणीत बोलत होते!"

"कुठला व्हिडिओ? माझ्या टॅबवरचा?" लेकीने कपाळावर हात मारला. "बाबा, तो दुप्पट वेगावर असतो! परीक्षेचं सगळं मी तसंच ऐकते. तू वेग बदलला नाहीस?"

"वेग बदलता येतो?"

क्षणभरात ग्रंथपालांना सगळा उलगडा झाला. चांगली बोलणारी माणसं त्यांनी एकेक करून बाद केली होती, आणि दुप्पट पळवल्यावर जो कुठे माणसासारखा ऐकू आला, तो जगातला सगळ्यात सावकाश बोलणारा वक्ता त्यांनी हात जोडून बोलावून आणला होता. व्यायामवाल्या बाईंनी पिशवीतून मोजपट्टी काढली.

"साबणाचा... फुगा..." प्राध्यापकांनी कडी पाण्यात बुडवून बाहेर काढली आणि इतक्या हळुवारपणे फुंकर घातली, की डोक्याएवढा फुगा हवेत तरंगू लागला. "...नेहमी..."

सभागृह थांबलं. फुगा तरंगत राहिला.

"...नेहमी..."

"फुटतो!" वर्तमानपत्रवाले आजोबा न राहवून म्हणाले.

ग्रंथपालांनी डोळे मिटले. प्राध्यापकांनी आजोबांकडे पाहून मान हलवली, पण नकारार्थी. "...गोल... असतो. कारण..."

"कारण आत हवा असते," कोणीतरी मागून म्हणालं.

"हवा तर उशीतही असते, ती कुठे गोल होते?" गणिताच्या बाई मागे वळल्या.

"मग तुम्ही सांगा!"

"सांगते ना! सगळ्या बाजूंनी सारखा दाब..."

"सारखा कसा? खाली वजन नाही का येत?"

प्राध्यापक ओठ अर्धे उघडे ठेवून उभे होते. पुढचा शब्द वाटेत असावा. तेवढ्या वेळात दुसऱ्या रांगेने एक बाजू घेतली, चौथ्या रांगेने दुसरी, आणि आजोबा दोन्हीकडून बोलू लागले. एरवी कार्यक्रमभर घड्याळ बघणारे कार्यवाह एकदम ताडकन उठले.

"थांबा! मला कळलं! काटकसर! एवढी हवा कोंडायची, तर गोलाला सगळ्यात कमी कातडं लागतं. बरोबर ना, सर?"

सगळ्यांच्या नजरा प्राध्यापकांच्या ओठांवर खिळल्या.

"बरो..."

"बोला, बोला सर!"

"...बर."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कार्यवाह परीक्षेत पहिले आल्यासारखे खाली बसले आणि लगेच पुन्हा उठले, कारण प्राध्यापकांनी आता दोन सारखे फुगे एकमेकांना चिकटवले होते आणि "मधली... भिंत..." एवढंच म्हटलं होतं. ती कोणीकडे फुगेल यावर सभागृहाचे दोन तट पडले. व्यायामवाल्या बाई मोजपट्टी सोडून भांडत होत्या. भिंत सपाट राहते हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा दोन्ही तटांनी आपणच जिंकलो असं जाहीर केलं. वेळ कधी संपली ते कोणाला कळलं नाही. प्राध्यापकांचं चौथं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.

"असा कार्यक्रम इथे कधी झाला नव्हता!" बाहेर पायऱ्यांवर कार्यवाहांनी ग्रंथपालांची पाठ थोपटली. "काय पारख आहे तुमची! सभागृह विज्ञान मंडळाचंच. व्यायामबियाम काही नाही." मागे उभ्या असलेल्या व्यायामवाल्या बाईंनीही मान डोलावली. ग्रंथपालांचा जीव भांड्यात पडला. आपली पारख नेमकी कशी झाली, ते सांगावं असं त्यांना क्षणभर वाटलं. लेकीने त्यांचा दंड जोरात दाबला, म्हणून ते गप्प राहिले.

प्राध्यापक टॅक्सीपाशी थांबले होते. ग्रंथपाल त्यांचे आभार मानायला पुढे झाले.

"तुमच्या... श्रोत्यांनी... मला..."

"त्रास दिला? माफ करा सर!"

"नाही... मला..."

"आनंद दिला! मला वाटलंच."

प्राध्यापकांनी हात वर केला. ग्रंथपालांनी जीभ चावली आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत वाट बघितली. फार जड गेलं त्यांना.

"...बोलू... दिलं... नाही," प्राध्यापक म्हणाले आणि त्यांचा सुरकुतलेला चेहरा हसू लागला. "एरवी... लोक... झोपतात. मजा... आली."

"मग पुढच्या महिन्यात पुन्हा याच!" कार्यवाह मागून ओरडले. पायऱ्यांवरची सगळी मंडळी गोळा झाली.

"येईन," प्राध्यापक म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्राध्यापक आत बसले आणि टॅक्सीवाल्याने गाडी सुरू केली. त्यांचं वाक्य मात्र संपलं नव्हतं. काच खाली करून त्यांनी ते पुरं केलं, "...पण... ऐकायला."

गाडी गेली. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"मग बोलणार कोण?" कार्यवाहांनी विचारलं आणि त्यांच्यासकट सगळ्या माना हळूहळू ग्रंथपालांकडे वळल्या.

"मी..." ग्रंथपाल म्हणाले. वर्षानुवर्षं दुसऱ्यांची वाक्यं तोडणाऱ्या या माणसाला स्वतःचा पुढचा शब्द काही केल्या सापडेना. "मी..."

"भरतीओहोटीवर बोलेन!" आजोबा म्हणाले.

"छे, विजेवर बोलतील," गणिताच्या बाई म्हणाल्या.

"तयारीला लागतो, असं म्हणतायत ते," व्यायामवाल्या बाईंनी ठामपणे सांगितलं, आणि कार्यवाहांनी दारातल्या फळ्यावर ग्रंथपालांचं नाव खडूने लिहूनही टाकलं.