एकेचाळीस मुलांचा एकच मार्ग

निरुपमाने लग्नानंतरच्या बावीस वर्षांत नवऱ्यावर शाळेचं एकच काम सोपवलं, आणि नेमकं तेच त्याने वेळेआधी पूर्ण केलं. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

रावपुऱ्यातल्या ज्या शाळेत ती नववीची वर्गशिक्षिका होती, तिथे यंदा नवी योजना आली होती. सगळ्या मुलांना एकाच चरकातून काढायचं नाही. प्रत्येकाचा कल पाहून त्याचा स्वतंत्र शिक्षणमार्ग आखायचा, आणि शाळेबरोबरच एखाद्या कामाचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र मिळवून द्यायचं. कुणाला बेकरीचं, कुणाला शिवणकामाचं, कुणाला वायरिंगचं. कल्पना उत्तम होती. मुलं एकेचाळीस आणि बाई एक, एवढीच काय ती अडचण.

पहिला कागद तिने सानवीचा लिहिला, आणि त्या एका कागदाला चार दिवस घेतले. सानवी म्हणजे मागच्या बाकावरची, गणितात काठावर पास होणारी गप्प मुलगी. पण वर्गातला बंद पडलेला टेबलफॅन तिने एका मधल्या सुट्टीत उघडून चालू केलेला निरुपमाने पाहिला होता. तिने लिहिलं, ‘बोलणं कमी, हात सतत कामात. पाठांतराचा कंटाळा; पण एकदा वस्तू उघडून पाहिली की विसरणं नाही. समजून घेतलं तर पुष्कळ पुढे जाण्याची ताकद. सुचवलेला मार्ग: घरगुती वायरिंग, पहिली पायरी.’ लिहून झाल्यावर वाचताना तिचेच डोळे भरून आले.

उरलेले चाळीस कागद लिहायच्या आधीच पादरा गावी भाच्याची मुंज निघाली. जाताना तिने लक्ष्मीकांतला सांगितलं, “अहो, हा सानवीचा नमुना. असेच बाकीच्यांचे तयार करून ठेवा. नावं, हजेरी क्रमांक यादीत आहेत.”

“अगं, मंडळाची चारशे आमंत्रणं काढणारा माणूस मी. चाळीस म्हणजे चहा गार व्हायच्या आत.”

लक्ष्मीकांत मराठी मंडळाचा चिटणीस होता. निरुपमाला हवे होते वर नाव आणि खाली कोरी जागा असलेले कागद. पण मंडळाच्या पद्धतीत मजकूर एकच असतो आणि नाव तेवढं बदलतं, तेव्हा त्याने तसंच केलं. एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण बायकोला त्रास नको म्हणून त्याने ते शाळेत पाठवूनही दिले. शाळेचा शिपाई गोविंद कामाला वाघ. शनिवारी सकाळी पालकसभेला आलेल्या प्रत्येकाच्या हातात त्याने आपापल्या मुलाचा कागद ठेवला.

निरुपमा पादऱ्याच्या बसमधून उतरून थेट सभेत पोचली, तेव्हा सोहमची गुजराती आई पूर्णिमाबेन डोळे पुसत होती.

“बेन, तुम्ही तर आमच्या सोहमला आरपार वाचलात.”

निरुपमाने कागदावर नजर टाकली. वर सोहमचं नाव होतं आणि खाली ‘बोलणं कमी’. सोहमच्या बडबडीपायी त्याच्या शेजारी बसायला वर्गात कुणी तयार नव्हतं.

“पूर्णिमाबेन, जरा चूक झालीये. हा कागद...”

“चूक कसली? लोकांना वाटतं तो बडबड्या आहे. पण आतून एकदम शांत छे. आईला खबर असते ने.”

निरुपमाने बाहेर जाऊन नवऱ्याला फोन लावला. “अहो, सगळ्यांना एकच मजकूर गेलाय.”

“मग? एकही शुद्धलेखनाची चूक नाही. तीनदा तपासलाय मी.”

ती परत आत आली. आता कुणीतरी शेजारच्याच्या कागदात डोकावणार आणि आपली शोभा होणार, या भीतीने ती उभी होती. पण कुणी डोकावलं नाही. उलट शेजारचा आपल्या मुलाचा मार्ग उचलेल म्हणून जो तो आपला कागद झाकून बसला होता. एकीने तर वर ओढणी टाकली होती.

तेवढ्यात मुख्याध्यापक प्रतापसिंह सर हसतहसत आले. “निरुपमाबेन, काय जादू केलीत? दरवर्षी निम्मे पालक भांडायला येतात. आज सगळे राजी आहेत. वायरिंगला तर चाळीस जण तयार झालेत.”

“जागा किती आहेत, सर?”

“पंधरा. जो आधी सही करेल त्याला.”

सानवीच्या वडिलांचा अजून पत्ता नव्हता. बाकी कुणाला काहीही मिळालं तरी चालणार होतं, पण ही जागा गेली तर सानवी दहावीत बुडणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. ती उठून उभी राहिली आणि लाजलज्जा सोडून बोलली.

“माफ करा, सगळ्यांना चुकून एकच मजकूर गेला आहे. तो वर्गातल्या फक्त एकाचा आहे.”

मग मागून एक गृहस्थ म्हणाले, “आमच्याच मुलाचा असणार. आम्ही वाचताक्षणी ओळखलं.”

बाकीच्या एकोणचाळीस जणांनाही तसंच वाटलं आणि सगळे एकमेकांकडे कीव आल्यासारखे पाहू लागले. पूर्णिमाबेनने सहीसाठी पेन उघडलं. काही सुचेना म्हणून निरुपमाने वायरिंगच्या वर्गाची सूचना वाचायला घेतली. “वर्ग दर शनिवारी, दुपारी तीन ते सहा.”

पेन थांबलं. “शनिवारी तर ट्यूशनची टेस्ट असते ने?”

“टेस्ट चुकवून कसं चालेल?” कुणीतरी म्हणालं.

“सोहमचा कल तर आहेच, बेन,” पूर्णिमाबेन उठत म्हणाली. “पण कलाचं काय, दहावीनंतर पण बघता येईल.”

दहा मिनिटांत वर्ग रिकामा झाला. सही एकानेही केली नाही आणि कागद एकानेही परत दिला नाही. आपल्या लेकराबद्दल कुणी चांगलं लिहिलेलं कोण टाकून देणार, म्हणून निरुपमाने तो मागितलाही नाही. उरलेल्या चाळीस जणांचे खरे कागद रविवारी लिहायचे आणि चहा नवऱ्याने करायचा, असं तिने मनाशी ठरवलं.

मग सानवीचे वडील धनाजीराव आले. रिफायनरीत फिटर, शिफ्ट संपवून तसेच आलेले. मागे सानवी होती. निरुपमाने दिलेला कागद त्यांनी उभ्याउभ्या वाचला आणि टेबलावर ठेवला.

“टीचर, हा आमच्या सानवीचा नाही. दुसऱ्या कुणाचा आला.”

“एकेचाळीस कागदांत हा एकच बरोबर आहे, धनाजीराव.”

“हात काळे करायला मी आहे ना. ही सायन्स घेणार. आणि घरात हिच्या हातात कधी स्क्रू ड्रायव्हर पाहिला नाही मी.”

“पप्पा, ही मीच आहे,” सानवी म्हणाली.

“मग कधी बोलली का नाहीस?”

सानवीने मजकुराच्या पहिल्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. धनाजीरावांनी ते पुन्हा वाचले.

“बरं. पण उघडलंस काय तू आजवर?”

सानवीने टीचरकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “आपला मिक्सर.”

“तो मी केला,” धनाजीराव निरुपमाला सांगू लागले. “दुकानदार नवीन घ्या म्हणत होता. मी एका दुपारी चालू केला. अख्ख्या कॉलनीला माहीत आहे. आता सगळे माझ्याकडेच आणतात.”

“तुम्ही नाइटला गेलात आणि तो बंद पडला,” सानवी हळूच म्हणाली. “आई म्हणाली, पप्पांना सांगू नको. मग मी उघडून परत जोडला.”

धनाजीरावांनी टेबलावरचा कागद पुन्हा उचलला. “आणि कॉलनीतल्यांचे ते तीन मिक्सर?”

“ते पण.”

नववीच्या मुलांसाठी केलेल्या बाकावर धनाजीराव अवघडून बसले. लेकीकडे त्यांनी असं पाहिलं, जणू ती आत्ताच कुठून तरी आली होती. लाज वाटत होती आणि अभिमानही, पण अभिमान जास्त होता, आणि तो त्यांना लपवता येईना. त्यांनी खिशातून पेन काढलं.

“शनिवारी तीन ते सहा ना? मी स्वतः सोडायला येईन.”

सही करून त्यांनी दाराकडे पाहिलं, कुणी नाही अशी खात्री करून घेतली आणि आवाज खाली आणला.

“फक्त टीचर, ते मिक्सरचं तेवढं कागदात घालू नका. आम्हाला त्याच कॉलनीत राहायचंय.”