दिगूच्या स्टुडिओतला पहिला फोटो

दिगू भेटला की नमस्कार करत नसे, हनुवटी धरत असे. वाटूर फाट्यावर, भर रस्त्यात, एसटीतून उतरणाऱ्या माणसाची हनुवटी दोन बोटांत धरून तो चेहरा सूर्याकडे वळवायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "मुंडी उजेडात! हां. आता माणूस दिसून राह्यला." अनोळखी माणसं आधी खिसा चाचपायची, मग शिव्या द्यायची. दिगूला त्याचं काहीच नसे. "गुरुजी, ह्या माणसाची डावी बाजू सोनं हाय," असं तो मला सांगत असे, तोवर ती डावी बाजू तणतणत परतूरच्या गाडीत चढलेली असे.

मी तेव्हा वाटूरच्या शाळेत मास्तर होतो. सत्तरच्या पुढची वर्षं ती. लग्नात जालन्याहून फोटोवाला येई तेवढंच, एरवी गावात फोटो निघत नसे. लग्नाचा मुलगा दाखवायचा झाला तरी त्याला तेल लावून जालन्याला न्यावं लागे, आणि पोहोचेपर्यंत तेलावर सगळ्या रस्त्याची धूळ बसलेली असे. अशा गावात दिगू जुन्या जालन्यातल्या एका स्टुडिओत सहा वर्षं राबून परत आला, तो तीन पायांचा जुना लाकडी कॅमेरा घेऊनच. कॅमेरा एसटीच्या टपावर आणि दिगूही टपावर. कंडक्टर ओरडला तर वरूनच म्हणाला, "मी खाली आलो तर ह्याला कोन धरल?"

दुसऱ्या दिवशी फाट्यावरचं एक बंद दुकान त्याने भाड्याने घेतलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या छपराचे दोन पत्रे काढले. घरमालक धावत आला. दिगूने त्याला आत नेऊन बरोबर त्या भोकाखाली उभं केलं, हनुवटी वर केली आणि हातात आरसा दिला. वरून उतरणाऱ्या उजेडात मालकाने स्वतःला बराच वेळ पाहिलं. पत्र्यांच्या जागी काचा बसवायला मग तोच शिडी धरून उभा राहिला.

मला शाळेत चैन पडेना. घंटा झाली की मी थेट फाट्यावर! मागचा पडदा दिगूने स्वतः रंगवला. त्यावर समुद्र हवा हे नक्की होतं, पण समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. गावात मिलिटरीतून परतलेले एक पेन्शनर होते, त्यांना विचारलं, समुद्र किती निळा असतो? "लई," ते म्हणाले. तेवढ्या माहितीवर दिगूने गावातली सगळी नीळ पडद्याला फासली. आठवडाभर वाटूरची धोतरं पिवळी राहिली, पण समुद्र झाला. त्यात एक आगबोटही आली. तिला चाकं नकोत, हे मी त्याला कसंबसं पटवलं.

कोट एकच होता, काळा. तो पाठीवर उभा चिरलेला होता. जाड माणसाला पुढून चढवायचा, बारक्याला मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. समोरून बघणाऱ्याला बॅरिस्टर दिसे आणि मागून वाळत घातलेला बॅरिस्टर दिसे.

सगळं तयार झालं. पाटीही लागली: 'येथे हुबेहूब फोटो निघेल'. पण फोटो काही निघेना! दिगू रोज माणसं बसवायचा, काळ्या कापडात शिरायचा, भिंगावरचं झाकण काढायचा, एक-दोन मोजून परत लावायचा आणि म्हणायचा, "जावा आता." माणूस विचारी, फोटो कधी मिळेल? "तुमचा फोटो न्हाई निघाला. कॅमेरा मोकळाच हाय. माझा हात बसवून राह्यलो."

महिन्याभरात अख्खं गाव त्या मोकळ्या कॅमेऱ्यासमोर बसून आलं. फिल्म का घालत नाहीस, म्हणून विचारलं की दिगूचं उत्तर ठरलेलं. "पहिल्या फोटोचं मानूस ठरलेलं हाय, गुरुजी. ते राजी होईना. ते बसल्याबिगर मी फिल्म घालणार न्हाई."

झालं! पहिल्या फोटोचा मान कुणाचा, यावर गावात पैजा लागायच्या बाकी राहिल्या. सरपंचांना खात्री होती की मान त्यांचाच. ते रोज टोपीला खळ करून फाट्यावर चहाला येऊ लागले. कुणी म्हणालं, जालन्याची कुणी बाई असणार. खोटं कशाला बोलू, मलाही आशा होती. मी नवा शर्ट शिवून घेतला होता. एवढंच दिसे, की दिगू दुपारी जेवायला घरी जाई तो हुरूपाने, आणि परत येई तो पडेल चेहऱ्याने.

शेवटी एके दिवशी त्याने सांगून टाकलं, "उद्या दहाला या समदे. उद्या फिल्म घालून राह्यलो. राजी असो नसो."

दहा वाजता स्टुडिओत पाय ठेवायला जागा नव्हती. सरपंच टोपीसह पुढे, त्यांच्या मागे मी शर्टासह. दिगूने फिल्मची चौकट तयार ठेवली आणि तो मागच्या दाराकडे गेला. तिथे त्याची थोरली बहीण, आक्का, पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती. सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. आईबाप गेल्यावर दिगूला हिनेच वाढवलेलं. दिगूने तिच्या हातातलं ताट काढून माझ्या हातात दिलं आणि तिला खुर्चीकडे ओढलं.

"येडा झाला का रे? मुहूर्ताला मला बसवतो? म्हैनाभर न्हाई म्हन्ले न मी!" आक्का भिंतीला चिकटली. गर्दीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "शुभ कामाला हे बराबर न्हाई, दिगू."

दिगूचा आवाज चढला. "ही माहेरी आल्यापासून आमच्या घरात तीन लग्नं झाली. तिन्हीचे फोटो हायेत. एकाबी फोटोत ही न्हाई. फोटोवाला आला की हिनं आपोआप बाजूला सरकायचं, अन् मंग पंगत वाढायची. मी काय समुद्र रंगवायला स्टुडिओ काढला का? ही बसली तर दुकान उघडंल. न्हाई तर आज संध्याकाळच्या गाडीनं कॅमेरा वापस."

मग सरपंचांनी घसा खाकरला.

"बस वं आक्का," ते म्हणाले. "माझी टोपी उद्याबी कडकच राहील."

आक्का बसली. हात कुठे ठेवावेत ते तिला समजेना. दिगू काळ्या कापडात शिरला आणि बाहेरच येईना. शेवटी आला, तेव्हा डोळे भरून वाहत होते. तसंच त्याने चौकट सरकवली, झाकण काढलं. "एक..." आणि आक्का उठली! "काय झालं रे? रडतो कशाला?" म्हणत पदर पुढे करून थेट त्याच्याकडे आली. "दोन," म्हणत त्याने झाकण लावलं आणि आक्काने त्याचं तोंड पुसलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. का, ते विचारू नका.

दुसरा फोटो काढू म्हटलं तर ती बसेचना. "एकदा झालं की. पोरायला पेढे देऊ दे," म्हणाली आणि माझ्या हातातलं ताट घेऊन गेली.

फोटो धुऊन निघाला. खुर्ची स्पष्ट, आगबोट स्पष्ट. मध्ये विटक्या लुगड्याचा एक पुसट लोट आणि पुढे आलेला हात. चेहरा कुठेच नाही. दिगूने तो चौकटीत घालून दर्शनी लावला. गिऱ्हाईक बुजायला लागलं. मीच एकदा म्हणालो, "दिगू, तेवढा बिघडलेला फोटो उतरव बाबा."

"बिघडला कुठं, गुरुजी?" तो काच पुसत म्हणाला. "साऱ्या जन्मात आक्का एका जागी बसलेली तुम्ही तरी पाह्यली का?"