मुरडीची करंजी आणि सिंहछाप रुपया

एका जंगलात, म्हणजे जिथं पोस्ट ऑफिस होतं पण पोस्टापर्यंत जायला रस्ता नव्हता अशा एका जंगलात, साळूबाई नावाची साळिंदर राहत होती. अंगावर हे एवढाले काटे, पण स्वभावानं लोण्याहून मऊ. कुणी काही सांगितलं की ती ऐकायची. दुसऱ्यानं उलटं सांगितलं की तेही ऐकायची.

तिची एकुलती एक लेक यमू लग्न होऊन साता समुद्रापलीकडं बर्फाच्या मुलखात गेली होती. जावई तिथं नेमकं काय काम करतात, हे जंगलात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ते दरवर्षी फोटो पाठवत आणि फोटोत अंगावर कोट असे. म्हणून कुणी विचारलं नाही.

तर मुलांनो, यमूला मुलगी झाली.

साळूबाईच्या घराण्यात एक रीत होती. खापरपणजीच्या वेळचा एक सिंहछाप चांदीचा रुपया होता, वर कडी लावलेला. जन्मलेल्या पिल्लाच्या करदोट्यात तो ओवायचा आणि मगच नाव ठेवायचं. आधी ठेवलं तर नाव चिकटत नाही म्हणत. साळूबाईच्या एका काकांचं नाव घाईघाईत ठेवलं होतं. त्यांना जन्मभर सगळे 'अहो, तुम्ही' म्हणत.

यमूचं पत्र आलं. 'आई, बारसं अडलंय. इथले शेजारी रोज नाव विचारतात आणि मी रोज विषय बदलते. रुपया लवकर पाठव.'

साळूबाईनं रुपया पदराच्या गाठीत बांधला आणि पोस्ट गाठलं. पोस्टमास्तर होते कासवराव. घाई करायची नाही, हे त्यांचं तत्त्वही होतं आणि नाइलाजही.

"नाणं परदेशी पोस्टानं जात नाही," कासवराव म्हणाले. "नियम आहे."

साळूबाईचे काटे उभे राहिले. रांगेतले दोघे जण मागं सरकले.

"पण याला कडी आहे," कासवराव पुढं म्हणाले. "कडी लावली की तो दागिना. दागिना जातो. ऐका. आधी कापसात गुंडाळा, वाजता कामा नये. वाजलं की लोकांचे कान टवकारतात. मग दोन पुठ्ठ्यांच्या मधे चिकटवा. ते छोट्या डबीत, डबी मोठ्या डब्यात. वर लाखेची पाच सीलं. रजिस्टर करा, विमा उतरवा. आणि फॉर्मवर खरं लिहा. चांदीचा दागिना, नग एक."

"खरं लिहायचं?"

"खरं."

एवढं सांगून होईपर्यंत दुपारची सुट्टी झाली.

साळूबाईच्या बिळाशेजारी टिटवी राहायची. आभाळ कोसळेल म्हणून रात्री पाय वर करून झोपणारी ती टिटवी. काळजी करायची तर सवय जुनी आणि सराव रोजचा. साळूबाई परतलेली दिसताच ती धावत आली.

"काय म्हणाला गं कासव?"

साळूबाईनं सगळं सांगितलं. टिटवीनं कपाळावर पंख मारून घेतला.

"खरं लिही म्हणाला? अगं बाई! चांदी लिहिलंस की संपलं. इथून बंदरापर्यंत एकेकाचे हात शिवशिवतील. माझ्या मावसजावेच्या नणंदेनं असंच खरं लिहिलं होतं."

"मग?"

"मग काय! पोचलं."

"पोचलं ना?"

"पोचलं, पण तोवर तिचा जीव किती टांगणीला लागला! तू असं कर. करंज्या कर. एकीच्या सारणात रुपया घाल. फॉर्मवर लिही करंज्या. करंजी कोण चोरतंय?"

मुलांनो, कासवरावांनी सरकारी आवाजात सांगितलं होतं. टिटवीनं मायेनं सांगितलं. साळूबाईनं मायेचं ऐकलं.

तिनं एकवीस करंज्या केल्या. साटा लावून, खसखस भाजून, वेलची कुटून. वीस करंज्या कातण्यानं कापल्या. जिच्यात रुपया होता तिला मात्र हातानं मुरड घातली, म्हणजे यमूला ओळखू यावी. तळणीचा वास नदीपलीकडं गेला. पलीकडचे चार जण सहज म्हणून अलीकडं आले.

पाठीवरचा एक काटा उपटून, शाईत बुडवून साळूबाईनं पोस्टात फॉर्म भरला. 'करंज्या, नग एकवीस. किंमत : आईच्या हातच्या.'

"किंमत आकड्यात लिहा," कासवराव म्हणाले.

साळूबाईनं खूप विचार केला आणि शून्य लिहिलं. शून्याचा विमा उतरत नाही. पार्सल साध्या टपालानं गेलं.

"हे फक्त तुझ्यामाझ्यात हं," टिटवी म्हणाली. संध्याकाळपर्यंत ते जंगलातल्या सगळ्यांमध्ये होतं.

एक महिना गेला. दोन गेले. यमूचं पत्र आलं. 'आई, बाळ पालथं पडायला लागलं. रुपया कुठाय?' तिसऱ्या महिन्यात यमूचं नाही, सरकारी पत्र आलं. बंदरावरच्या जकात नाक्याचं. 'आपल्या पार्सलातील करंजी क्रमांक एकवीसबाबत समक्ष खुलासा करावा.'

साळूबाई तीन दिवस चालून बंदरावर पोचली. वाटेत ती एकच हिशोब करत होती. रुपया सापडलाय म्हणजे रुपया गेला. आपली नात जन्मभर 'अगं ए' राहणार.

नाक्यावरचे साहेब वानर होते. जबड्याला फडकं बांधलं होतं. टेबलावर साळूबाईचा डबा होता आणि डब्याशेजारी रुपया.

"बाई, फॉर्मवर करंज्या लिहिलंय ते तुम्हीच?"

"होय साहेब."

"मग ही करंजी का नाही?" साहेबांचा आवाज भरून आला. "मी विश्वासानं चावली हो! सगळ्यांत सुबक म्हणून शेवटी ठेवली होती. दाढ गेली माझी."

साळूबाई घाबरली. पण आईच ती. तिनं हळूच विचारलं, "आणि बाकीच्या वीस?"

साहेबांनी वही उघडली. "त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. दोन हरकाऱ्यानं तपासल्या, तीन नाक्यावरच्या कोल्ह्यानं, सात गोदामातल्या घुशींनी, उरलेल्या या कार्यालयानं. वीसच्या वीस करंज्याच निघाल्या. तशी नोंद आहे. प्रामाणिकपणाबद्दल तुमचं कौतुकच करणार होतो, तेवढ्यात ही एकविसावी."

साळूबाईनं डोळे मिटून हात जोडले. "साहेब, करंज्या गेल्या त्या गेल्या. तेवढा रुपया द्या. नातीचं नाव अडलंय."

साहेबांनी रुपया दोन बोटांत धरला. उलटा केला, सुलटा केला, नाकाशी नेला. मग तोंड वाकडं करून खाली ठेवला.

"ह्याचं मी काय करू? ह्याला सारण नाही."

मग त्यांनी रुपया कापसात गुंडाळायला लावला. दोन पुठ्ठ्यांच्या मधे चिकटवला. ते छोट्या डबीत, डबी साळूबाईच्या रिकाम्या डब्यात. वर लाखेची पाच सीलं. रजिस्टर, विमा आणि फॉर्मवर मोठ्या अक्षरात, 'चांदीचा दागिना, नग एक.' डबा जहाजावर चढला. वाटेत शंभर हातांतून गेला. एकानंही त्याच्याकडं मान वळवून बघितलं नाही.

यमूचं पत्र आलं.

'आई, रुपया पोचला. करदोट्यात ओवला. बारसं केलं, नाव मंजुळा ठेवलं. पण आता ती रांगायला लागलीये, 'अगं ए' म्हटलं की वळून बघते, मंजुळा म्हटलं की बघत नाही. होईल सवय. तू करंज्या केल्या होत्यास असं टिटवीमावशीनं कळवलं. डब्यात एकही नव्हती गं. नुसता वास होता. मी चार दिवस डबा धुतला नाही.'

साळूबाईनं पत्र घडी घालून ठेवलं आणि कढई चढवली. या वेळी टिटवीनं किती वेळा सल्ला दिला, पण तिनं कुणाचंच ऐकलं नाही. एकवीस करंज्या केल्या. एकेक कापसात गुंडाळली, पुठ्ठे लावले, डबा बांधला आणि पोस्टात जाऊन फॉर्म भरला. 'चांदीचे दागिने, नग एकवीस.'

कासवरावांनी फॉर्म वाचला. डब्याकडं बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"साळूबाई, दागिन्यांना तूप सुटलंय."

"पॉलिश केलंय नुकतंच."

कासवरावांनी मान हलवली. सावकाश डबा तराजूत ठेवला. सावकाश काटा बघितला. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाले, "एक दागिना वजनाला जास्त होतोय."

साळूबाईनं गुमान एक दागिना काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

कासवरावांनी फॉर्मवरचं एकवीस खोडलं आणि स्वच्छ अक्षरात वीस केलं. फॉर्मवर खरंच लिहिलं पाहिजे, याबाबत ते फार कडक होते.

वीसच्या वीस पोचल्या.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. चांदीवर चांदीच लिहावं, तिला कुणी हात लावत नाही. करंजीवर करंजी लिहिण्याइतकं खरं मात्र आयुष्यात कधी बोलू नये.