दोन स्टेपन्या

गाडी घेऊन चार दिवस झाले होते आणि चारही दिवस कृष्णकांत ती कमी पेट्रोलात कशी चालवायची याचाच अभ्यास करत होते. गाडी अकरा वर्षांची, पांढरी, स्वस्तात मिळालेली. एसी लावायचा नाही, अ‍ॅक्सिलरेटर हलक्या पायाने दाबायचा, जादा वजन ठेवायचं नाही. या शेवटच्या नियमापायी त्यांनी डिकीतली स्टेपनीसुद्धा तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत नेऊन ठेवली.

"आणि टायर पंक्चर झाला तर?" कुमुदने विचारलं.

"पंक्चर होणार नाही अशा रस्त्याने जायचं."

रविवारी सकाळी दोघं पनवेलच्या बाजारात गेली. गाडी मागेपुढे करावी लागेल म्हणून पार्किंगवाल्याने चावी ठेवून घेतली. तासाभराने त्याने लाल दोरा बांधलेली चावी हातावर ठेवली आणि पांढऱ्या गाडीकडे बोट केलं. दोरा त्यानेच खुणेसाठी बांधला असेल, असं कृष्णकांतना वाटलं.

चावी फिरवताच गाडी सुरू झाली. एरवी तिला चार वेळा विनवावं लागे. कुमुदच्या बाजूची अडकलेली काचही सरसर खाली गेली.

"अहो, काटा अर्ध्यावर आहे. पेट्रोल वाढलंय?"

कृष्णकांतनी काट्यावर टिचकी मारली. काटा ढिम्म. "हलक्या पायाचा परिणाम असावा."

"त्याने पेट्रोल वाचतं ना? वाढतं कसं?"

तेवढ्यात वळणावर डिकीत काहीतरी गडगडलं.

घरी येऊन डिकी उघडली, तर आत शालूचा खोका, पेढ्यांचे पुडे आणि स्टेपनी. कृष्णकांत धावत तिसऱ्या मजल्यावर गेले. गॅलरीतली स्टेपनी जागेवर होती, वर कुमुदने वाळत घातलेलं पायपुसणं. ते धापा टाकत खाली आले.

"आपल्याकडे दोन स्टेपन्या आहेत!"

"आणि शालू?"

गाडीचा नंबर दोघांनाही पाठ नव्हता. कृष्णकांतनी खिशातले कागद काढले. नंबर जुळेना.

"कुमुद, आपण गाडी चोरली," म्हणत ते तिथेच कठड्यावर बसले.

शालूच्या बिलावर काशीराम हे नाव आणि फोन नंबर होता. कुमुदने फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे आरडाओरडा चालू होता.

"काशीराम बोलताय?"

"लवकर बोला. आमी गाडी ढकलतोय."

"पांढरी का?"

"तुमाला कसा म्हाईत?"

"ती माझी आहे."

मग काशीराम कडाडला, "मंग तुमी या ना ढकलायला! बाराला पोरीचा साखरपुडा हाय. ओव्याच्या फाट्यावर बंद परली. डिकी उघरली तर शालू नाय, पेढे नाय, स्टेपनी पन नाय!"

"स्टेपनी गॅलरीत आहे," कृष्णकांत म्हणाले आणि आपण हे का सांगतोय ते त्यांनाच कळेना.

त्या दिवशी हलका पाय ते विसरले. एसीसुद्धा लावला. पावणेबाराला काशीरामच्या गावी, ओव्यात पोचले, तेव्हा काशीरामची बायको शोभा दारातच उभी होती. तिने खोका अक्षरशः हिसकावला आणि आत पळाली. साखरपुडा वेळेवर झाला. मग तीच बाहेर येऊन म्हणाली, "जेवल्याबिगर जायाचा नाय."

पंगतीत काशीराम शेजारी बसला. त्याचा राग उतरला होता. "तुमची गाडी परवडते हां," तो मनापासून म्हणाला. "फाट्यापासून इथवर आनली, थेंब पेट्रोल लागला नाय."

निघताना चार पाहुणे बाह्या सरसावून मागे उभे राहिले. कृष्णकांतनी जीव मुठीत धरून आपल्या गाडीची चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. पंगत चालू असताना काशीरामच्या पुतण्याने, रमेशने, बॅटरीची सैल वायर घट्ट केली होती. पण सांगायचं राहून गेलं होतं.

कृष्णकांतनी घाईघाईने गाडी बंद केली, उतरून पुढे गेले आणि हातात कागद धरून एकेक आकडा जुळवू लागले.

"आता काय झालं?" कुमुदने खिडकीतून विचारलं.

"लगेच सुरू झाली गं," ते घाबऱ्या आवाजात म्हणाले. "ही नक्की आपलीच ना?"