साहेबांशी पत्रव्यवहार

दर बुधवारी दुपारी एक वाजता आमच्या वरच्या मजल्यावरचे आपटेकाका सूट घालतात, टाय बांधतात, पॉलिश केलेले बूट चढवतात आणि स्वतःच्याच स्वयंपाकघरात जाऊन बसतात. समोर लॅपटॉप आणि त्यावर ब्रिटनची संसद. तिकडे बारा वाजता पंतप्रधानांना प्रश्न विचारायला सुरुवात होते, तेव्हा इकडे जर्मनीत, लुडविग्सहाफेनला एक वाजलेला असतो. तेवढा अर्धा तास त्यांच्या दाराची बेल कोणी वाजवायची नाही. तळमजल्यावरच्या श्येफरबाईंची समजूत आहे की काका ऑनलाइन प्रार्थनेला बसतात. त्यांनी मला तसं हलक्या आवाजात विचारलं, तेव्हा मी जर्मनमध्ये 'या, गेनाऊ', म्हणजे हो, अगदी तसंच, म्हणून मोकळी झाले. कोण समजावत बसणार?

डॉ. मनोहर आपटे मूळचे सांगलीचे. इथल्या रसायनांच्या कारखान्यात रंगांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पस्तीस वर्षं काढली आणि निवृत्त झाले. आम्ही सात वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आलो. मी पुलापलीकडे मॅनहाइमला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. सामानाची खोकी अजून जिन्यातच होती, तेव्हा काका चहाचा ट्रे घेऊन खाली आले. सोबत एक हातानं लिहिलेला कागद. जिना झाडायची पाळी कोणत्या आठवड्यात कोणाची, काचेच्या बाटल्या कधी टाकायच्या आणि कधी चुकूनसुद्धा नाही, असे बारा मुद्दे. प्रत्येक मुद्द्यानंतर 'नोंद घ्या' म्हणून थांबायचे आणि मी खरंच नोंद घेतली का ते बघायचे.

बारावा मुद्दा झाल्यावर त्यांनी विचारलं, साहेबांबद्दल ऐकलंय का? मला वाटलं, कोणी महाराज असणार. परदेशात आल्या आल्या कोणाचं मन का दुखवा म्हणून मी हातसुद्धा जोडले. ते साहेब ब्रिटिश राजकारणी निघाले. नवरा चहाचा कप हातात धरून उभा राहिला आणि त्या कपातला चहा गार झाला.

साहेबांचं चरित्र या घरात सगळ्यांना पाठ आहे. नाव काका कधीच घेत नाहीत. "नाव घेऊन काय करायचंय? काम बघा," म्हणतात. म्हणून मीही सांगत नाही. उत्तर इंग्लंडातल्या एका लहान गावातल्या बसकंडक्टरचा मुलगा. दोन वर्षं चामड्याच्या कारखान्यात नोकरी, मग कामगारांची संघटना, मग संसद. सहा वेळा तिथूनच निवडून आले. दोनदा मंत्री झाले, आधी मासेमारीचे, मग रेल्वेचे. जी रेल्वेलाइन चालू ठेवायचा शब्द दिला होता तीच सरकारनं बंद केली, म्हणून चौदा महिन्यांत राजीनामा. पुढे पक्षाच्या नेतेपदासाठी उभे राहिले आणि थोडक्यात हरले. तेव्हापासून मागच्या बाकावरचे जाणते ज्येष्ठ. 'माणूस हरला, पण टाय सरळ होता,' हे काकांचं आवडतं वाक्य.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत काकांचं 'साहेबांचे जीवन व कार्य' हे भाषण ठरलेलं. पोरांचे नाच झालेले, मोदकांचा वास सुटलेला, आणि काका मासेमारीच्या परवान्यांपाशी. एका वर्षी अध्यक्षांनी भाषणाला दहा मिनिटांची मर्यादा घातली. काकांनी त्यावर रीतसर मतदान मागितलं. त्यांच्या बाजूनं एकच मत पडलं, स्वतःचं. मग व्यासपीठावर जाऊन त्यांनी अध्यक्षांशी हस्तांदोलन केलं, टाय चाचपला आणि बरोबर दहा मिनिटं बोलले.

आमच्या इरालासुद्धा त्यांनी सोडलं नाही. साहेबांनी आयुष्यात ताटात वरण टाकलं नसेल, असं तिला म्हणाले. साहेब मंत्री होते, मी तिसरीत आहे, असं तिनं जर्मनमध्ये शांतपणे सुनावलं. काकांना ते उत्तर इतकं आवडलं की त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

बरं, संसद बघून भागत नव्हतं. साहेबांच्या गावचं साप्ताहिकसुद्धा पोस्टानं यायचं. त्या गावात कुत्र्यांच्या प्रदर्शनात कोणाच्या कुत्र्याचा पहिला नंबर आला हे काकांना ठाऊक. साहेबांचा फोटो आला की कापून जाड ओर्डनरमध्ये, म्हणजे इथल्या पुठ्ठ्याच्या फायलीत. असे नऊ ओर्डनर फडताळात. एकदा मी चाळले, तर कापायची तऱ्हा बघून हसूच आलं. अर्ध्या फोटोंत साहेबांचा कान नाही, कशात नुसता खांदा. म्हटलं, काका, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. ते म्हणाले, बघू.

आणि पत्रं. महिन्याला एक पत्र साहेबांना जायचंच. काकांचा प्रिंटर कायमचा आजारी, त्यामुळे छपाई माझ्याकडे. विषय मोठे गहन असायचे, पण मजकूर कुठल्या कुठे जायचा. वृद्धांच्या घरातली थंडी या विषयावर दीड पान आणि त्यात मध्येच, आमच्याकडे हिवाळ्यात एकोणीस अंशांवर भागतं. सार्वजनिक जिन्यांची सुरक्षितता या विषयावर एक पान आणि शेवटी, मी स्वतः गेल्या आठवड्यात दोन पायऱ्या घसरलो, पण मोडलं काही नाही. मी म्हणायचे, काका, हे साहेबांना कशाला? त्यावर त्यांचं म्हणणं, उदाहरणाशिवाय मुद्दा लंगडा पडतो.

पंधरा दिवसांत जाड, पिवळसर लिफाफा यायचा. उत्तर ते मला कधी दाखवायचे नाहीत, फक्त सारांश सांगायचे. साहेबांनी थंडीची दखल घेतली आहे. त्यांच्या मते एकोणीस अंश कमी आहेत, बावीस ठेवावेत. आणि खरंच, पठ्ठ्या त्या हिवाळ्यात बावीस अंशांवर राहिला. मी आणि नवरा खाली हसून हसून बेजार. म्हटलं, इतक्या मोठ्या माणसाला लुडविग्सहाफेनच्या म्हाताऱ्याच्या हीटरची काळजी. नशीब लागतं.

काकू अकरा वर्षांपूर्वी गेल्या, आम्ही यायच्या आधी. एक मुलगी इंग्लंडात असते, जाई नावाची, एवढंच ठाऊक होतं. ती कधी आली नाही आणि काकांनी कधी विषय वाढवला नाही. माणूस ज्या विषयावर गप्प बसतो तिथे आपणही गप्प बसावं, हे मला आईनं शिकवलंय. बाकी बाबतींत मी आईचं ऐकतेच असं नाही.

या वसंतात साहेबांनी जाहीर केलं, महिनाअखेर खासदारकी सोडणार, पुढची निवडणूकही लढवणार नाही. गाव, संसद, कचेरी, सगळ्याला रामराम. त्यानंतरच्या बुधवारी मी घरून काम करत होते. एक वाजला तरी वर बुटांचा आवाज नाही. दीड वाजला. मी साबुदाण्याची खिचडी डब्यात भरली आणि पहिल्यांदाच त्या वेळेला बेल वाजवली.

काकांनी दार उघडलं ते बनियनवर. लॅपटॉप बंद होता. मी खिचडी वाढली आणि आपली बडबड सुरू केली. साहेबही थकले असतील, म्हटलं. आता त्यांना नातवंडांत रमू द्या. शिवाय तुमच्याइतका मान कोणाला मिळतो? आमच्या लंडनच्या ऑफिसातली एक बाई सांगत होती, तिकडचे खासदार फक्त आपल्या मतदारसंघातल्या माणसांनाच उत्तर देतात. तशी रीतच आहे. बाहेरचं पत्र आलं तर क्षमस्व म्हणून दोन ओळी, संपला विषय. आणि तुम्हाला तर अकरा वर्षं दर महिन्याला उत्तर.

काकांनी चमचा खाली ठेवला.

"साहेब नाहीच देत," ते म्हणाले. "जाई देते."

मग ते उठले, फडताळातून दहावा ओर्डनर काढला आणि माझ्यासमोर ठेवला. त्यात ती सगळी उत्तरं होती. प्रत्येकाच्या खाली साहेबांच्या वतीनं म्हणून एक बारीक सही, जाई आपटे.

जाई रसायनशास्त्रात पीएचडी करायला इंग्लंडला गेली होती. दुसऱ्या वर्षी ती सोडली आणि साहेबांच्या कचेरीत लागली. मी तुला दुसऱ्यांच्या पिशव्या उचलायला पाठवलं नव्हतं, असं काका तिला म्हणाले. तरी तेवढं मिटलं असतं. पण त्याच सुमारास काकूंना आजार निघाला. तिकडे निवडणूक तोंडावर आलेली. तिला कामात त्रास नको, मतदान झालं की सांगू, असं काकू म्हणाल्या आणि काकांनी ते ऐकलं. मतदान गुरुवारी झालं. काकू मंगळवारीच गेल्या.

"आईनं नको सांगू म्हटलं, तरी बापानं सांगायला नको?" काका म्हणाले. "ती आली, दोन दिवस बसली आणि जाताना म्हणाली, बाबा, तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही. एवढंच. फोन केला तर उचलायची नाही. मग मी साहेबांनाच पत्र लिहिलं. रागानं. तुम्ही माझी मुलगी पळवलीत, असं लिहिलं होतं."

त्या पत्राला उत्तर आलं. आपलं पत्र मिळालं, आपल्या भावनांची नोंद घेतली आहे. खाली सही तिची. ती सही बघत काका अख्खा दिवस बसले होते. मग त्यांनी दुसरं पत्र लिहिलं. आता पत्र लिहायचं तर विषय हवा, म्हणून साहेबांची सगळी कारकीर्द वाचून काढली. मासेमारी वाचली, रेल्वे वाचली.

"मला त्या माणसाचं कसलं कौतुक असणार गं, मृणाल? आयुष्यात मासा खाल्ला नाही मी. आता इतक्या वर्षांत माणूस बरा वाटायला लागलाय, ते सोड."

मी ओर्डनर चाळत होते. सगळं कचेरीच्या इंग्रजीत. खोकला सहा आठवडे टिकला आहे याची सदस्यांना, म्हणजे साहेबांना, चिंता वाटते आणि छातीचा फोटो काढावा असं ते सुचवतात. जिन्याच्या कठड्याबाबत सदस्य आग्रही आहेत. मी फोटोंचे ओर्डनरही उघडले. प्रत्येक फोटोच्या बरोबर मधोमध, साहेबांच्या मागे, एक केस बांधलेली मुलगी होती. कुठे हातात फाइल, कुठे साहेबांवर धरलेली छत्री. वर्षांगणिक तिचे केस पिकत गेलेले दिसत होते.

आणि बुधवारचा सूट? मी विचारलंच. साहेबांचे प्रश्न तीच लिहून देते, असं काका म्हणाले. दोन ओळी, फापटपसारा नाही, लहानपणापासूनची तिची पद्धत. साहेब काही दर बुधवारी उठत नाहीत, पण कधी उठतील याचा नेम नाही. शाळेत मुलीचं भाषण असलं की बाप इस्त्रीचे कपडे घालून जातो ना, मग?

मला रडू आलं, आणि काकांसमोर रडले याची लाज वाटली नाही. इतकी वर्षं खाली बसून हसत होतो आम्ही.

मग काकांनी खिशातून शेवटचं उत्तर काढलं. शनिवारी आलेलं. महिनाअखेर ही कचेरी बंद होत आहे. यापुढे घरातली थंडी, खोकला आणि जिने या विषयांवरील पत्रव्यवहार खालील पत्त्यावर करावा. मी पत्ता दोनदा वाचला. घराचा नंबर, गल्लीचं नाव, गाव.

"काका, हा तिच्या घरचा पत्ता आहे."

"माहीत आहे. म्हणून तर चार दिवस नुसता बसलोय. कचेरीला लिहायला विषय असायचा. आता काय लिहू?"

कधी कधी मला माया आली की राग येतो. मी म्हटलं, चुकलो म्हणून लिहा, आणखी काय हवंय तिला? मी डबा घेऊन खाली आले आणि उगाच बोलले असं वाटत राहिलं.

साडेचारला बेल वाजली. काका दारात, अंगावर शर्ट, हातात पाकीट. पत्र मराठीत होतं, हातानं लिहिलेलं. छापायला काही नव्हतं. पोस्टाच्या पेटीपर्यंत येतेस का, एवढंच त्यांनी विचारलं. मी चपला घातल्या.

कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीशी ते थांबले. पाकीट अर्धं आत गेलं आणि तिथेच राहिलं. पोचायला किती दिवस लागतील, त्यांनी विचारलं. चार-पाच, मी म्हटलं.

"चार-पाच दिवस?" काका म्हणाले. "इतके दिवस कोण थांबणार?"

त्यांनी पाकीट बाहेर काढलं. लंडनपर्यंत गाडीनं जाता येतं ना, मग पुढे कसं, पासपोर्ट तर चालू आहे, असं स्वतःशीच बोलायला लागले. बोलता बोलता पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचायला लागले. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं, पण विचारायचा धीर झाला नाही. शेवटी तेच बोलले.

"तिकडे पत्रासाठी फट दारालाच असते. तिनं दार नाही उघडलं तर मी हे फटीतून आत टाकीन आणि बाहेर उभा राहीन. ती वाचेपर्यंत तरी राहीन."

मी मोबाइल काढला आणि उद्या सकाळी मॅनहाइमहून सुटणाऱ्या गाड्या बघायला लागले.