काट्यावर एका वेळी एकच

आमच्या शिरूरच्या जिममध्ये कुणी वजन उतरवायला येतं, कुणी दंड फुगवायला येतं. निवृत्तीआप्पा मात्र काट्यावर उभं राहायला यायचे. तेवढ्यासाठीच. ट्रेडमिलला त्यांनी कधी बोट लावलं नाही. डंबेल म्हणजे त्यांच्या लेखी 'बिनकामाचं लोखंड'.

मी हार्डवेअरचं दुकान चालवतो, त्यामुळे लोखंडाला कुणी बिनकामाचं म्हटलं की मला लागतं. पण आप्पांशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती. मी स्वतः अठ्ठ्याण्णव किलोचा गृहस्थ. डॉक्टरांनी आणि बायकोने एकाच आठवड्यात दम दिला, म्हणून रोज पहाटे उठून, तोंड वाकडं करून जिमला जाणारा. माझ्या शेजारी रांजणगावच्या कंपन्यांतली पोरं, नाईट शिफ्ट संपवून थेट बसमधून उतरलेली, आरशात बघून दंड वळवत असायची. त्यांचं महिन्या-महिन्याला काहीतरी वाढायचं. माझं ग्रॅमभरही कमी होत नव्हतं. अशा या दुःखात रोज भर घालायला दारातच आप्पा उभे असायचे.

त्याचं कारण तो काटा. आमच्या जिमच्या मालकाने हौसेने सगळं नवं आणलं, पण काटा आणला मार्केट यार्डातल्या बंद पडलेल्या आडतीतून. पोती मोजायचा, खाली रुंद लोखंडी पत्रा आणि वर लाल आकड्यांची पेटी. आप्पांनी रस्त्यावरून जाताना तो काचेतून पाहिला, आत आले, आणि दुसऱ्या दिवशी रीतसर मेंबर झाले. त्यांची सगळी नोकरी दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेली. उसाची गाडी भरलेली किती, रिकामी किती, हे बघण्यात ज्याचा जन्म गेला त्याला दुसरं काय दिसणार?

"चप्पल खाली. मोबाईल खाली. खिसं मोकळं करा," ही त्यांची सकाळची आरती. कुणी म्हणालं, "आप्पा, रुमालाचं काय वजन असतंय?" की झालंच.

"आज रुमाल, उद्या धोंडा. ड्रायव्हर लोक काय काय करायचं तुम्हाला ठावं हाय का? भरलेल्या गाडीच्या टायमाला किन्नर, म्हंजी गाडीचा क्लीनर, केबिनमंदी दडून बसायचा आन् रिकामीच्या टायमाला उतरून च्या प्यायला जायचा. म्या कान धरून बाहीर काढलेत!"

एकदा कंपनीतली दोन पोरं फोटो काढायला म्हणून एकदम काट्यावर चढली. आप्पांनी दोघांनाही दंडाला धरून खाली ओढलं. "काट्यावर एका वेळी एकच! दोन गाड्या एकदम घेतल्यात का कुणी कवा?" पोरं दुप्पट आकाराची होती, पण मुकाट उतरली. मीही त्या दिवशी खिशातली दुकानाची किल्ली न सांगता बाहेर काढून ठेवली.

माझ्या वजनावर ते खास लक्ष ठेवायचे. "शेठ, कालचाच आकडा," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर करायचे. मला त्यांचा मनापासून राग यायचा. त्यांच्याशिवाय जिममध्ये करमायचं नाही, हेही खरं.

रविवारी मात्र आप्पांचा नूर वेगळा असे. दाढी करून, कारखान्याची जुनी खाकी पँट आणि सदऱ्याच्या आत जाड बंडी घालून ते लवकर यायचे आणि सातच्या ठोक्याला आमचा ट्रेनर विकी त्यांना व्हिडिओ कॉल जोडून द्यायचा. पलीकडे दौंडहून हौसाकाकू, त्यांच्या मंडळी. आप्पा काट्यावर चढायचे, विकी फोन आधी त्यांच्याकडे आणि मग लाल आकड्यांपुढे धरायचा, काकू आकडा बघायच्या, "बरं हाय," म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. नवरा-बायकोचं आठवड्याचं बोलणं एवढंच. मला आधी हसू यायचं.

मग एकदा आप्पांनीच सांगितलं. त्यांना दोन मुलं. थोरला इथे शिरूरला, कंपनीत शिफ्टला. धाकटा दौंडला, त्याची बायको कुरकुंभच्या कंपनीत कामाला आणि घरात जुळी तान्ही. एका पोराच्या अंगावर दोघांचा भार नको म्हणून आप्पांनीच वाटणी केली. बाप थोरल्याकडे, आई धाकट्याकडे. शेत वाटावं तितक्या सहज.

"ती निघताना येकच बोलली," आप्पा म्हणाले. "दर ऐतवारी काटा दाखवायचा. पंचावन्नच्या खाली आलात तर म्या पोरं-बिरं समदं सोडून निघून येनार."

"मग येऊ द्या की," मी म्हणालो.

"आन् जुळ्यांना कोन बघायचं? धाकटीची नोकरी जाईल. पोरगं नुकतं कुठं उभं राहिलंय. मला पंचावन्नच्या खाली जाऊन चालनार न्हाई, शेठ."

त्या दिवसापासून जिममधला माझा जीव माझ्या आकड्यावरून उठला आणि त्यांच्या आकड्यावर जाऊन बसला. कारण आकडा उतरत होता. मी घाम गाळून जे मागत होतो ते या म्हाताऱ्याला फुकट मिळत होतं आणि त्याला ते नको होतं. साठच्या आसपास असलेले आप्पा पावसाळा सरेपर्यंत पंचावन्नच्या काठावर आले. विकीने केळी सांगितली, अंडी सांगितली, पावडरीचा डबा दाखवला. आप्पा "व्हय, व्हय" करायचे.

घरी खायची काही कमी नव्हती. थोरल्याची बायको ताट वाढून झाकून ठेवायची. पण थोरला शिफ्टला, सून शिवणाच्या क्लासला, नातू ट्यूशनला. "एकट्यानं झाकलेलं ताट उघडायला जीव धजत न्हाई," एवढंच आप्पा एकदा बोलून गेले आणि लगेच एका पोराच्या खिशातली चावी पकडायला धावले.

त्याच सुमारास ते माझ्या दुकानात आले. "जाड नट द्या. सगळ्यात मोठं."

"कशाला लावायचेत?"

"दार वाऱ्यानं आपटतंय. दोरीला बांधून ठिवतो."

मूठभर जड नट घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात आणखी. मी मनात म्हटलं, यांच्याकडे वारा बराच दिसतोय.

आणि गंमत म्हणजे रविवारचा आकडा थांबला. पंचावन्नच्या किंचित वर, जागचा हलेना. विकी खूष, काकू "बरं हाय" म्हणाल्या, मीही सुटकेचा निःश्वास टाकला. फक्त आप्पांच्या गालांना हे कुणी कळवलं नव्हतं. ते आतच चालले होते.

पुढच्या रविवारी फोन बंद झाल्यावर आप्पा काट्यावरून उतरले, दोन पावलं चालले आणि भिंतीला धरून खाली बसले. चेहरा पांढराफटक. विकी आणि मी धावलो. विकीने त्यांना काखेत धरून उचललं, आणि बंडीच्या आतून आवाज आला. दुकानात उभा जन्म काढलेल्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. माझेच नट होते ते.

विकी पाणी आणायला पळाला. मी आप्पांच्या बंडीवर हात ठेवला. आतल्या दोन्ही खिशांत लोखंड.

"आप्पा, हे काय?"

त्यांनी माझं मनगट पकडलं. जगाचे खिसे मोकळे करणाऱ्या माणसाने दुसऱ्या हाताने आपला खिसा झाकला. "बोलू नका. तुमच्या पाया पडतो, शेठ. ती निघून यील."

"आणि तुम्ही असे एखाद दिवशी पडलात तर?"

"पडलो तर बघू. पर काटा खाली जाता कामा नये."

मला त्यांचा इतका राग आला की त्यांना तिथेच फटकवावंसं वाटलं. आणि त्यांच्या घरच्यांचाही, त्या झाकलेल्या ताटाचाही. पण मी गप्प बसलो. बोललो तर दौंडच्या घराची घडी विस्कटणार. न बोललो तर हा म्हातारा आमच्या डोळ्यांदेखत विझत जाणार. विकीच्या कानावर मी घातलं, त्याने डोक्याला हात लावला. रोज सकाळी मी घरून शेंगदाण्याचे लाडू नेऊन आप्पांच्या पुढ्यात बसून त्यांना खायला घालू लागलो. डॉक्टरांनी मला वर्ज्य केलेले लाडू, त्यामुळे एखादा माझ्याही पोटात जायचा.

पुढचा रविवार उजाडला. आप्पा बंडी घालून चढले. आकडा जागच्या जागी. विकीने फोन धरला. पण काकूंनी "बरं हाय" म्हटलं नाही.

"ते शेठ हायती का तिथं, दर ऐतवारी मागं दिसत्यात ते? त्यांना दावा मला."

मी फोनपुढे गेलो. काकूंचा चेहरा पहिल्यांदाच नीट पाहिला. बारीक, पण डोळे असे की आप्पाही त्यांच्यापुढे केबिनमध्ये दडलेले किन्नर वाटावेत.

"भाऊ, तुम्ही सांगा. काटा किती दावतोय?"

"पंचावन्नच्या वर दाखवतोय, काकू," मी म्हणालो. दाखवत होताच.

"दावतोय व्हय," काकू म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

त्यानंतरच्या रविवारी सात वाजले, विकीने फोन लावला, तर काकू उचलेनात. दुसऱ्यांदा लावला. आप्पा काट्यावर उभे, खिसे भरलेले, लाल आकडे पेटलेले. तेवढ्यात जिमचं काचेचं दार उघडलं. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात गच्च भरलेली पिशवी. पहिल्या बसने निघालेल्या असणार. ट्रेडमिलवरचं एक पोर धावता धावता थांबलं आणि मागे घसरत गेलं.

काकू सरळ काट्यापाशी आल्या. आकडा बघितला. मग आप्पांचा चेहरा बघितला.

"काटा त्योच, आन् गळ्याची हाडं फोनमंदी मोजता येत्यात. चाळीस वर्सं काटेवाल्याचा संसार केलाय म्या. खिसं मोकळं करा."

"अगं, माणसं बघत्यात—"

"बघू द्या. मोकळं करा."

आप्पांनी एकेक नट काढला आणि पत्र्याबाहेर ठेवला. दरवेळी टण्ण व्हायचं आणि आकडा घसरायचा. जिममधली गाणी कुणीतरी बंद केली होती. शेवटी आकडा एक्कावन्नावर येऊन थांबला. आप्पा मान खाली घालून उभे होते, शाळेतल्या पोरासारखे.

"झालं समाधान?" ते पुटपुटले. "आता तू जा माघारी. पोरं रडत असतील."

"जानार हायेच. तुम्हाला घिऊन."

"धाकट्याच्या एका खोलीत एवढी मानसं कुठं मावायची?"

"न्हाई मावली तर अडचणीत ऱ्हाऊ. आवं, पोरांनी एकवेळ आपल्याला वाटून मागितलं असतं तर गोष्ट येगळी. इथं तुम्हीच वाटून दिलं. मला इचारलं व्हतं का?" काकूंचा आवाज इथे फुटला. "धाकटा काल सोता बोलला, आप्पांना घिऊन ये. मी म्हनलं, आदी काटा बघते मग बोलते."

आप्पा काट्यावरून खाली उतरले. पण जन्माची सवय. त्यांची नजर काकूंवरून खालपासून वर फिरली, गाडी आत येताना बघावी तशी, आणि त्यांच्या मनगटापाशी थांबली. बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

"तू चढ," आप्पा म्हणाले.

"मला काय धाड भरलीय?"

"चढ म्हंतो ना. माझा काटा दर ऐतवारी केलास. तुझा कुनी केला?"

काकू चढल्या, पिशवी पोटाशी गच्च धरून. आकडा बरा दिसत होता.

"पिशवी खाली."

"भाकरी हायती तुमच्यासाठी, त्या खाली कशाला—"

"पिशवी खाली ठिव, हौसा."

मी पुढे होऊन पिशवी घेतली. भाकरी होत्या, कोरड्या चटणीचा डबा होता, आणि इतकं सारं की खाणारा एकच आहे असं बांधणारीला वाटलंच नसावं. आकडा घसरत घसरत बेचाळीसवर आला. दर रविवारी फोनवरून दुसऱ्याच्या आकड्याला "बरं हाय" म्हणणारी बाई. जुळी झोपल्यावर ओट्यापाशी उभ्याने दोन घास खाणारी, हे तिने नंतर सांगितलं.

आप्पा त्या आकड्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत कुठल्या ड्रायव्हरने त्यांना इतकं फसवलं नसेल. मग त्यांनी चप्पल काढली आणि, ज्या माणसाने आमच्यातल्या दोघांना कधी एकत्र त्या पत्र्यावर उभं राहू दिलं नाही, तो स्वतः चढून काकूंच्या शेजारी उभा राहिला. काकूंनी पदर तोंडाला लावला. आप्पांनी त्यांचा हात धरला.

कुणीही "एका वेळी एकच" म्हणालं नाही.

लाल आकडे थोडे हलले आणि स्थिर झाले. मी बघितलं. एका माणसाने आणि एका बाईने सगळा जन्म घासून, दोन घरं उभी करून, वर जे उरलं होतं, ते दोघांचं मिळूनही माझ्या एकट्याइतकं भरलं नव्हतं.