तिहोमिरच्या डोळ्यातली माशी

भर उन्हात आपल्याला वीज चमकलेली दिसली, हे बायकोला सांगायचं नाही असं तिहोमिरने ठरवलं, आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

त्या दिवशी तो मुलीच्या लग्नाची आमंत्रणं करत फिरत होता. सर्बियातल्या त्या टेकड्यांत पत्रिकेला कुणी विचारत नाही. मुलीच्या बापाने फुलं बांधलेली लाकडी बाटली गळ्यात अडकवून दारोदार जायचं, घरधन्याने तिच्यातल्या राकियाचा घोट घ्यायचा, की आमंत्रण पोचलं. राकिया आलुबुखाराची, तिहोमिरने घरच्या भट्टीत गाळलेली. मुलगी येलित्सा आणि ही दारू, आयुष्यात आपल्याला दोनच गोष्टी जमल्या असं तो म्हणे. (पहिलीत बायकोचाही हात होता, हे तो मागाहून कबूल करी.)

शेजारच्या रादिसावच्या अंगणात पोचेपर्यंत डाव्या डोळ्याच्या कडेला पुन्हा लख्ख झालं. पाठोपाठ एक काळी माशी आली. हाकलली तरी जाईना. रादिसावने घोट घ्यायला मान वर केली आणि माशी नेमकी त्याच्या कपाळावर दिसली. तिहोमिरने शेजारधर्म म्हणून एक चापट ठेवून दिली.

रादिसावने ठसका आवरला. "हे आमंत्रण आहे की दम देतोयस?"

"माशी होती."

"माझ्या कपाळावर?"

"आता उडाली."

(उडाली नव्हती. ती आता रादिसावच्या बायकोच्या नाकावर होती; पण तिथे हात उचलण्याइतका तिहोमिर वेडा नव्हता.)

परत येताना एकीच्या अनेक माश्या झाल्या, मधूनच कोळिष्टकाचे धागे तरंगू लागले, आणि त्याला सकाळी भरलेली बाटली आठवली. भट्टीची पहिली धार पिण्याची नसते. तिने डोळे जातात, हे त्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. तिहोमिर ती गुडघ्याला चोळायला वेगळ्या बाटलीत ठेवी. आणि सकाळी घाईघाईत त्याने फडताळातली हाताला लागेल ती बाटली ओतली होती. कोणती? चव बरी लागली होती खरी, पण चार घरं फिरल्यावर त्याला सगळंच बरं लागतं.

म्हणजे गावाला बोलावता बोलावता आपण गावाला आंधळं केलं. सांगावं तर लग्नात आपल्या दारूला कुणी शिवणार नाही. न सांगावं तर लग्न बघायला कुणाचे डोळेच उरणार नाहीत, आपलेही नाहीत. येलित्साचा नवरीचा वेष त्याला नीट दिसायला हवा होता. एका डोळ्याने, धाग्यांच्या आडून नव्हे.

घरी दोब्रिलाने पाहिलं तेव्हा नवरा कोऱ्या भिंतीवर चपला मारत होता.

"काय चाललंय?"

"माश्या."

"एकही नाहीये. झोत लागलाय तुला. काल दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या टाकून झोपलास ना? वाऱ्याचा झोत डोळ्यात गेला." त्या घरात दाढदुखीपासून मेव्हण्याच्या घटस्फोटापर्यंत सगळं वाऱ्याच्या झोतानेच झालं होतं. तिने खिडक्या लावल्या आणि फडकं घेतलं. "बस. राकियाची पट्टी ठेवते."

"राकिया नको," तिहोमिर म्हणाला.

दोब्रिलाच्या हातातलं फडकं खाली पडलं. हे वाक्य त्या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

"अरे माणसा, काय झालंय ते सांग."

त्याने सांगितलं. "माझ्याच दारूने मी आंधळा होतोय, दोब्रिला. रादिसावसुद्धा होणार." आणि नेमका त्याच वेळी, बाटलीचं गळून पडलेलं फूल द्यायला आलेला रादिसाव दारात उभा होता. त्याने फूल उंबऱ्यावर ठेवलं, आधी एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि पळत सुटला.

दोब्रिलाने तालुक्याच्या दवाखान्यात नर्स असलेल्या बहिणीला फोन लावला. पलीकडून आलेला प्रश्न तिने पुढे केला. "एकेक डोळा झाकून बघ. दोन्हीत दिसतं की एकातच?"

"डाव्यातच."

"अचानक सुरू झालं? विजा चमकतात? कडेने पडदा आल्यासारखं काही?"

"पडदा नाही. बाकी सगळं."

फोन खाली ठेवून दोब्रिलाने पायात चपला सरकवल्या. "आत्ता निघायचं. उद्यावर टाकायचं नाही म्हणाली."

"पण ती चोळायची बाटली..."

"ती मी लग्नासाठी खिडक्यांच्या काचा पुसून संपवली. तू ओतलीस ती चांगलीच होती. चल."

दवाखान्यात डोळ्यात थेंब घालून त्याला बसवलं. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत कॉरिडॉरमध्ये अर्धं गाव जमलं होतं, प्रत्येकाचा एक हात एका डोळ्यावर. सगळ्यात पुढे रादिसाव.

डॉक्टरीणबाई दारात आल्या. त्यांनी रादिसावला विचारलं, "तुम्हाला काय होतंय?"

"माश्या दिसतात, बाई."

"कुठे?"

"गोठ्यात जास्त."

"गायी आहेत?"

"आहेत की."

"मग त्या माश्याच आहेत. घरी जा."

तिहोमिरला मात्र त्यांनी आत घेतलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याला चीर पडली होती. "वयाने होतं हे. आज आलात म्हणून लेझरने भागेल. तसेच बसला असतात तर पडदाच सुटला असता."

"म्हणजे राकियाचा दोष नाही?"

"नाही."

"जरा बाहेर येऊन मोठ्याने सांगता का?"

त्यांनी सांगितलं. तिहोमिरची मान ताठ झाली. (हनुवटी यंत्रावर टेकवायची असल्याने ती लगेच खाली घ्यावी लागली.) लेझर झाल्यावर बाईंनी बजावलं, "एखाद-दुसरी माशी राहील, तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही. पण पुन्हा विजा चमकल्या, ठिपके अचानक वाढले किंवा कडेने अंधार आला, तर तडक इथे."

लग्नाच्या दिवशी येलित्सा चर्चमधून बाहेर आली ती त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसली. त्या दोन्हींतून पाणी आल्याने नीट दिसली नाही, एवढंच.

मग सगळ्या गावासमोर तो पेला घेऊन उभा राहिला. घरची राकिया, निर्दोष, डॉक्टरांनी जाहीर केलेली. पेल्यात एक काळी माशी तरंगत होती. जुनी ओळख असल्यासारखा तो तिच्याकडे बघून हसला, आणि एका घोटात पेला रिकामा केला.

"तिहोमिर," शेजारून रादिसाव हळूच म्हणाला, "माशी होती."

"ती माझ्या डोळ्यात आहे रे. लक्ष द्यायचं नाही, असं बाईंनी सांगितलंय."

"मलाही दिसत होती," रादिसाव म्हणाला. "आता दिसत नाही."